ब्राउझर सारखा बंद का पडत होता?

इंटरनेटवरची पाने ज्यातून दिसतात त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स हे ब्राउझर आहेत. आमच्या घरी बाबांनी चाकणहून जुना संगणक आणला आहे.

दहावीचा निकाल लागल्यावर ताईचा अकरावीचा अर्ज भरायचा होता. २०२५ सालापासून अख्ख्या महाराष्ट्रात तो ऑनलाइनच भरतात. दोनदा अर्ज अर्धा भरला अन् ब्राउझर फटकन बंद! ताई रडायलाच लागली. बाबा म्हणाले, "कंपनीत मशीन बंद पडलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो."

आधी संगणक बंद करून परत चालू केला. मग टॅब मोजले तर २३! संगणकाची चालू कामाची जागा म्हणजे रॅम. आमची फक्त २ जीबी आहे. आईच्या लहान ओट्यावर १० पातेली मांडली तर पोळपाट कुठे ठेवणार? तसंच ते. क्रोम असेल तर शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबाव्यात, म्हणजे कोणता टॅब किती जागा खातो ते दिसते. आम्ही टॅब मिटले, तरी रोग जाईना.

मग इनकॉग्निटो खिडकी उघडली. आपण परवानगी दिल्याशिवाय तिच्यात एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, चालत नाहीत. तिथे ब्राउझर अर्धा तास नीट चालला! म्हणजे चोर एक्स्टेंशनमध्येच. बाबांनी साध्या खिडकीत एकेक बंद केले. चौथे बंद केले अन् बंद पडणे थांबले. ते खेळाचे होते, मीच घातलं होतं. (मार बसला नाही.)

अर्ज गेला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, अन् बाबांची सकाळी पहिली पाळी होती.