मी पिऊन पडलो नव्हतो

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये एका बंद घराच्या पायरीवर मी बसलो होतो. शर्ट घामानं चिंब, हातांना कापरं, समोरची पिवळी भिंत पाण्यातून पाहावी तशी हलत होती. गटातलं कोणीतरी म्हणालं, "काकांना जास्त झाली." सगळ्यांना ते पटलं. वाटाड्या म्हणाला, "पाच मिनिटं बसा, उतरेल," आणि बाकीच्यांना घेऊन पुढच्या तावेर्नकडे, म्हणजे दारूच्या गुत्त्याकडे, गेला.

मी आर्णीचा. कृषी केंद्र चालवतो, नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मार्चअखेरीस दुकानाला सवड मिळाली म्हणून भाच्यासोबत गोव्याला गेलो. संध्याकाळी पायी फिरवून जुन्या, पाटी नसलेल्या तावेर्न दाखवणारी सहल त्यानंच ठरवली होती. ती मला आवडली, हे आधी सांगतो. अरुंद गल्ल्या, रंगवलेल्या भिंती, चार माणसं बसली की भरून जाणारी खोली. काजूचे बोंडू तुडवून, मग वर ओझं ठेवून झिरपणारा रस म्हणजे निरो. आंबवलेल्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, ती फक्त उन्हाळ्यात मिळते. पुन्हा भट्टीवर चढली की फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. आमच्या भागात मोहाची दारू चोरून गाळतात आणि चोरूनच पितात. फळाफुलाच्या दारूचा असा उघड मान मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते ऐकण्यात गुंतलो.

चूक त्याआधीच झाली होती. दुपारी साडेबाराला जेवलो. संध्याकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेमानं सहाला घेतली, कारण घरी मी साडेसहाला जेवतो. इथं जेवण सगळ्यात शेवटी, नऊनंतर होतं. ते मी विचारलंच नाही. गोड नको म्हणून हुर्राक लिमकाऐवजी नुसत्या सोड्यातून, मीठ-मिरची घालून घेतली. दुसऱ्या ठिकाणी फेणी. तिच्यात मद्यार्क 42 टक्क्यांच्या आसपास असतो. सोबत शेंगदाण्यांची एक वाटी, तीही सगळ्यांत मिळून. आणि दीड-दोन तास चालणं.

भाचा मागे राहिला म्हणून वाचलो. त्याच्या आईला एकदा एकादशीच्या उपवासात असंच झालं होतं. माझ्या कपाळाला हात लावून तो म्हणाला, "मामा, गार काऊन पडून राह्यले तुम्ही? दोन गिलासात असं होत नसते." त्यानं जवळच्या घराचं दार वाजवलं. त्या बाईंनी काही न विचारता तांब्याभर पाण्यात साखर कालवून दिली. मी शुद्धीत होतो, गिळू शकत होतो, म्हणून ती पाजता आली. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. दवाखान्यात पोचल्यावर, साखर पिऊन झाल्यावरही, रक्तातली साखर 58 निघाली. 70 च्या खाली गेली की धोका सुरू होतो.

तिथल्या डॉक्टरांनी कारण समजावलं. दारू पोटात गेली की यकृत तिचा निचरा करण्यात गुंततं आणि रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. गोळी मात्र साखर खाली ओढतच राहते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना ही भीती जास्त. घाम, कापरं, अडखळती जीभ, तोल जाणं ही सगळी लक्षणं नशेसारखीच दिसतात. आणि हे तिथंच संपत नाही. साखर रात्री झोपेत, पहाटेही उतरू शकते. त्यांनी मला रात्रभर ठेवून घेतलं ते यासाठी.

म्हणून अशा सहलीला जाणाऱ्या मधुमेही माणसाला माझी कळकळीची विनंती आहे. पैसे भरण्यापूर्वी जेवण किती वाजता आणि कितव्या ठिकाणी, हे विचारा. पिणं झेपेल का, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. निघण्याआधी पोळी-भाजी, वरणभात, काहीतरी पोटभर खा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. त्रास वाटला की तीन-चार चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, मग जेवा. झोपण्यापूर्वी पुन्हा तपासा. आणि वाटाड्याला सुरुवातीलाच, चारचौघांत, मोठ्यानं सांगा की मला मधुमेह आहे. मला ते सांगायची लाज वाटली होती.

आर्णीच्या बसस्टँडवर भिंतीला टेकून पडलेल्या माणसांवरून मी कितीदा पुढे गेलो असेन. पिऊन पडला, एवढंच मनात यायचं. त्यातला एखादा माझ्यासारखा होता का, हे आता कळायला मार्ग नाही, आणि ते मला सलतं. आता मी थांबतो. कपाळाला हात लावतो, नाव विचारतो.

संध्याकाळची गोळी ताट समोर आल्याशिवाय घ्यायची नाही, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. घरीसुद्धा मी आता ती ताटाशेजारी ठेवून बसतो.