नव्या माणसाची ओळख

दुकानात नवा माणूस आला की आपण त्याला भाव सांगतो, माल दाखवतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी त्याची ओळख मात्र राहून जाते. आमच्या नांदेडच्या दुकानात उदगीरकडचा एक तरुण लागला. कापणीवरच्या जुन्या चाचांना विचारायची त्याला भीती. एके दिवशी अंदाजाने कात्री लावली आणि अख्खा तागा वाया गेला. चूक आमचीच.

मोठ्या कंपन्यांत ओळखीसाठी खेळ घेतात. 'दोन गोष्टी खऱ्या, एक खोटी' हा त्यातला प्रसिद्ध. पण थट्टेतही खोटे बोलायला आमचे मन घेईना. म्हणून धंद्यातलाच खेळ काढला. सकाळी गिऱ्हाईक नसताना पंधरा मिनिटे एक जुना, एक नवा असे जोडीने बसवायचे. डोळ्यांवर रुमाल, हातात पॉपलीन, केंब्रिक, मलमल, खादीचे तुकडे. कापडाचे नाव सांगायचे, आणि घरात ते प्रथम कोणाच्या अंगावर पाहिले तेही. खरी ओळख या दुसऱ्या प्रश्नाने होते. खादी हाताला लागताच तो तरुण म्हणाला, "ही आमच्याकडची." उदगीरच्या खादीचे राष्ट्रध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात, यावर चाचा आणि तो चहा थंड होईपर्यंत बोलत राहिले.

बक्षीस ठेवू नये, चढाओढ लागते. पगार, कर्ज, घरची भांडणे विचारू नयेत. रुमाल आधी मालकाने बांधावा. आम्ही बांधला आणि केंब्रिकला पॉपलीन म्हणालो. सगळे दुकान हसले. तो तरुण आता कात्री लावण्याआधी चाचांना हाक मारतो.