लिटनची लेक आणि बडोद्याची राणी

प्रश्न : व्हाइसरॉय लॉर्ड लिटनची मुलगी बायकांच्या मतासाठी तुरुंगात गेली होती, असं वाचलं. त्या काळात आपल्या मराठी राजघराण्यांतली कुणी राजकारणात उतरली होती का? आणि आमच्या भागातल्या बायकांना मत कधी मिळालं?
– एक वाचक भगिनी, पिरनवाडी

उत्तर : वाचलंत ते खरं आहे, ताई. १८७६-७८ च्या दुष्काळात आपला बेळगाव-धारवाडचा मुलूख होरपळला, तेव्हा दिल्लीदरबारची तयारी करणाऱ्या लिटनची ही लेक, लेडी कॉन्स्टन्स. १९०९ साली न्यूकॅसलच्या तुरुंगात तिने अन्न सोडलं, तर हृदय कमजोर म्हणून तिची लगेच सुटका झाली. घराण्याकडे बघून सोडलं, हे तिला सलत राहिलं. मग जानेवारी १९१० मध्ये केस कापून, चष्मा लावून ती जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी गरीब बाई झाली आणि लिव्हरपूलला पकडली गेली. या खेपेला आधी तिची छाती कुणी तपासली नाही. नळी घालून आठ वेळा तिच्या पोटात अन्न ओतलं. पुढे अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तर बाईने डाव्या हाताने पुस्तक लिहिलं.

आपल्याकडचं नाव म्हणजे बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. माहेरच्या गजराबाई, देवासच्या घाटग्यांच्या. १८८५ मध्ये सयाजीरावांशी लग्न झालं. (महाराजांची पहिली राणीही चिमणाबाईच, बडोद्याचा चिमणाबाई टॉवर तिच्या आठवणीचा. या दोघींची गल्लत फार होते.) बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा दरबार हॉल कधी पाहिलात, तर मान वर करून बघा. वरच्या जाळीदार सज्ज्यांत राजस्त्रिया बसायच्या. दरबार त्यांना दिसे, त्या दरबाराला दिसत नसत. चिमणाबाई त्या जाळीतून बाहेर आल्या. युरोप, अमेरिका, जपानमध्ये बायका काय काय कामं करतात ते त्यांनी पाहिलं आणि १९११ मध्ये भारतीय स्त्रीच्या स्थितीवर, एका सहलेखकासोबत, इंग्रजीत पुस्तक काढलं. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षा याच. विषय मुलींच्या शिक्षणाचा होता. पण शाळेच्या वयात लग्न उरकलं तर शिकणार कोण, हा प्रश्न लगेच पुढे आला. बालविवाह रोखणाऱ्या १९२९ च्या शारदा कायद्यासाठी या परिषदेने जोर लावला. बडोद्यात बालविवाहाविरुद्धचा कायदा १९०४ पासूनच होता. तुरुंग चिमणाबाईंच्या वाट्याला आला नाही, पण पडद्यातून बाहेर आलेल्या राणीने भर सभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणं मला त्या काळात फार मोठं वाटतं.

आता मताचं. तुमच्या पिरनवाडीचं बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं. मुंबई कायदेमंडळाने १९२१ मध्ये बायकांना मत दिलं, तेही जमीनजुमला असणाऱ्या किंवा कर भरणाऱ्यांनाच. इंग्लंडमध्येसुद्धा १९१८ ला तिशीच्या पुढच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्याच बायका मतदार झाल्या. पुरुषांइतका हक्क मिळाला १९२८ मध्ये. कॉन्स्टन्स १९२३ मध्येच वारली होती.

म्हणजे तेव्हा पिरनवाडीतल्या बाईला मत होतं का, हे शेत कुणाच्या नावावर यावर ठरायचं. घरात त्या वेळचा जुना उतारा असेल तर काढून बघा. एखाद्या पणजीचं नाव सापडलं, तर मला जरूर कळवा.