मॉरिशस : एका चिमुकल्या देशाचा परिचय व त्यापासून घ्यावयाचा बोध

तलमडुगुच्या परिसरात मृगाचा पाऊस पडला की शेतकरी, अडते, कापडवाले व किराणा दुकानदार अशा सर्वांचे लक्ष एकाच पिकाकडे लागते. ते पीक म्हणजे कापूस. बोंड नीट फुटले तर उधारी वसूल होते. न फुटले तर वहीतील बाकी पुढील वर्षाच्या पानावर ओढावी लागते. एका पिकावर विसंबून राहणे म्हणजे काय, हे आम्हां व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच, आपल्याप्रमाणे एकाच पिकावर उभ्या असलेल्या व पुढे त्यातून मार्ग काढणाऱ्या एका लहान देशाचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे. तो देश म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस होय.

भूमी व हवामान

हे बेट मादागास्करच्या पूर्वेस सुमारे साडेआठशे किलोमीटरांवर, मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस आहे. रॉड्रिग्ज इत्यादी लहान बेटे धरून देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे २०१६ च्या पुनर्रचनेनंतर उरलेल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मे भरते. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. पोर्ट लुई ही राजधानी व तेच मुख्य बंदर. भूमी ज्वालामुखीपासून झालेली. शेतांतून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे उंच ढीग आजही उसाच्या फडांमध्ये उभे दिसतात. किनाऱ्याभोवती प्रवाळांचे कडे आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचे भय असते. वादळात इतर पिके आडवी होतात, ऊस मात्र वाकून पुन्हा उभा राहतो. तेथे उसाने इतकी भूमी व्यापली, त्याचे हेही एक कारण होय.

पूर्ववृत्त

१५९८ साली डच खलाशांनी ह्या बेटास आपल्या राजपुत्राचे नाव दिले. ऊस त्यांनीच प्रथम आणला. डोडो नावाचा न उडणारा पक्षी त्यांच्याच आगमनानंतर शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. १७१० साली डच निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी ताबा घेतला. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांनी हा बदल येणार हे ओळखून आदल्या वर्षापासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ केला होता. १९२० च्या सुमारापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास लोक असे नेले गेले. ते ज्या धक्क्यावर उतरले, त्या आप्रवासी घाटास २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

त्या मजुरांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. मुंबई बंदरातून निघालेल्या ह्या कुटुंबांचे वंशज आज संख्येने थोडे आहेत; घरी ते बहुधा क्रिओल बोलतात; तरी शाळांतून मराठी शिकविली जाते, झाकरीचे नृत्य टिकून आहे आणि गणेश चतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

मजुरांपाठोपाठ गुजरातेतील व्यापारीही गेले व धान्य आणि कापडाच्या पेढ्या घातल्या. भारतीय रुपया त्या बाजारात इतका फिरू लागला की १८७६ साली सरकारनेच रुपया हे देशाचे अधिकृत चलन ठरविले. आजही तेथे रुपयाच चालतो. मात्र तो मॉरिशसचा स्वतःचा आहे.

एका पिकाचा पेच

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. गांधीजींच्या दांडीयात्रेचे स्मरण म्हणून हा दिवस निवडला गेला. सर शिवसागर रामगुलाम हे पहिले पंतप्रधान झाले. मात्र त्या वेळी निर्यातीच्या शंभर रुपयांतील नव्वदांहून अधिक एकट्या साखरेचे होते. हिवताप आटोक्यात आल्याने लोकसंख्या झपाट्याने वाढली होती आणि तरुणांना काम नव्हते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड ह्यांनी १९६१ सालीच देशाच्या भवितव्याचे चित्र फार काळजीचे रंगविले होते. पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या ह्या पंडिताचे निदान चुकीचे नव्हते; रोग्याने पथ्य पाळले, इतकेच.

मार्ग कसा काढला

१९७० साली निर्यातीसाठी माल करणाऱ्या कारखान्यांविषयी कायदा झाला. यंत्रे व कच्चा माल ह्यांवरील जकात माफ झाली, करात सवलत मिळाली, आणि कारखाना कोठेही काढण्याची मुभा राहिली. त्यासाठी कुंपण घातलेला वेगळा प्रदेश राखून ठेवला नाही. पुढे १९७५ साली युरोपीय बाजाराने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर चढ्या व ठरीव भावाने घेण्याचा करार केला. आपल्या भाषेत हा हमीभावच म्हणावा.

आमच्या मते खरे मर्म येथे आहे. हमीभावाची ऊब मिळाली म्हणून साखरवाले केवळ निजून राहिले नाहीत. ऐन तेजीत मिळालेल्या नफ्यातील काही भाग त्यांनी कापडाच्या कारखान्यांत व पर्यटकांच्या निवासगृहांत घातला. हाँगकाँगचे भांडवलही आले. कापूस हे त्या बेटाचे पीक नव्हे. तरीही सूत व लोकर बाहेरून आणून त्यांनी सदरे, बनियन व विणलेले स्वेटर युरोपास विकले. ह्या कारखान्यांत हजारो स्त्रियांना प्रथमच पगारी काम मिळाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या मालाची निर्यात साखरेहून पुढे गेली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही विनामूल्य झाल्याने पुढे हिशेब, बँका व विमा ह्या व्यवसायांस लागणारी माणसे घरचीच मिळाली.

पुढे २००५ साली कापडाच्या जागतिक कोट्यांची पद्धत संपली, तेव्हा कित्येक कारखाने बंद पडले. २००९ साली साखरेचा करारही संपला. १९७३ साली सात लाख टनांवर गेलेले साखरेचे उत्पादन पुढे निम्म्याहूनही खाली आले. एकोणिसाव्या शतकात अडीचशेंवर असलेल्या गिरण्यांपैकी आज तीन उरल्या आहेत. पण त्या विशेष प्रतीची साखर काढतात व चिपाडापासून वीज करतात. दुसरे आधार आधीच उभे होते, म्हणून देश कोसळला नाही.

तेथे सर्व सुखच आहे, असा समज मात्र नसावा. तांदूळ व गहू बाहेरून आणावे लागतात. भारताशी १९८२ साली झालेल्या कराराचा आधार घेऊन करसवलतीच्या मार्गाने येणाऱ्या भांडवलावर टीका झाली व २०१६ साली तो करार बदलावा लागला. २०१९ साली सुमारे चौदा लाख पर्यटक आले. २०२० साली महामारीने ती संख्या तीन लाखांच्या आसपास आणली, आणि त्याच वर्षी एका जहाजातील तेल सांडून प्रवाळांचा किनारा काळा झाला. एकच आधार, मग तो कोणताही असो, धोक्याचाच.

आपल्यासाठी बोध

देश व मंडळ ह्यांची तुलना सरसकट करता येणार नाही. त्यांच्यापाशी बंदर आहे, स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार आहे. आपल्यापाशी ते नाही. तरी एक गोष्ट मनास लागून राहते. ज्यांच्या शेतात बोंड पिकत नाही, त्यांनी सदरे विकून घरे उभारली. आणि आपण घरचा कापूस वाहनात भरून पाठवितो, ओलावा बाराच्या वर गेला म्हणून सरकारी खरेदी केंद्रावरून तो परत आला की खंत करितो. सरकी व रुई वेगळी करण्यापलीकडे आपली मजल फारशी जात नाही.

आमचे सांगणे इतकेच की भाव बरा मिळालेल्या वर्षी नफ्याचा एक हिस्सा पुढील हंगामाच्या कापसात न गुंतविता दुसऱ्या उद्योगात घालावा. तूर व सोयाबीनवर प्रक्रिया करणारे छोटे कारखाने, तयार कपड्यांची शिलाई, मुलांमुलींचे तांत्रिक शिक्षण अशी त्याची अनेक रूपे होऊ शकतील. एकट्याला न झेपल्यास चौघांनी भागीत करावे. मंदीत केलेला विचार बहुधा उशिरा सुचलेला असतो. तेजीच्या वर्षी केलेली तरतूदच मंदीत उपयोगी पडते. हे मॉरिशसने करून दाखविले आहे. आपल्या पेढ्यांवर बसणाऱ्या नव्या पिढीने त्याचा अवश्य विचार करावा, अशी आमची विनंती आहे.