मत्स्यपेटीतील अदृश्य रहिवासी

नव्या काचपेटीतील पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते माशांस मानवेलच असे नाही. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात सतत मिसळत असतो. वाळूवर व गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य असते. या जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून ६० सेंटिमीटर लांबीच्या पेटीत आरंभी गंगेच्या खोऱ्यातील काटक झेब्रा मासे पाच-सहाच सोडावेत व त्यांस अन्न बेताचे द्यावे. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून क्लोरीनरहित पाणी घालावे. पाण्याच्या परीक्षेत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आढळल्यावरच इतर मासे थोडेथोडे आणावेत.