परसातील मासे आणि पालेभाजी : पहिल्या सहा आठवड्यांचे काम

परसदारी मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू हे दृश्य महाराष्ट्रातील गावांना नवे नाही. त्याच परसात पाण्याचे एक टाके ठेवावे, त्यात मासे सोडावेत, माशांच्या विष्ठेने सकस झालेले पाणी खडीच्या वाफ्यात फिरवून त्यावर भाजी घ्यावी आणि वाफ्यातून निथळलेले स्वच्छ पाणी पुन्हा माशांकडे वळवावे, अशी एक पद्धत अलीकडे अनेकांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे. तिला अॅक्वापोनिक्स असे म्हणतात. मराठीत मत्स्य-भाजी सहसंवर्धन म्हणावयास हरकत नाही.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. दक्षिण चीनमधील भातखाचरांत शतकानुशतके मासे वाढविले जातात, आणि आपल्याच देशात अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी शेतकरी भाताबरोबर मासे घेतात. टाके, पंप आणि वाफा हे आजचे रूप मात्र १९८० च्या दशकात सिद्ध झाले. गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स रॅकॉसी यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरील सहसंवर्धनासंबंधी तांत्रिक पुस्तिकाही प्रसिद्ध केली.

प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घरामागे हा प्रयोग केला तेव्हा टाके भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी साठ बोटुकल्या सोडल्या. पाणी नितळ होते, पंप चालू होता, मुलांनी काही माशांना नावेही ठेवली होती. आठव्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले आणि दहाव्या दिवसापर्यंत बहुतेक मेले. रोग समजून औषध आणले. वस्तुतः रोग नव्हताच. टाक्यात मासे होते, वाफ्यात रोपे होती. या दोहोंना जोडणारा तिसरा जीव तेथे अद्याप वस्तीला आला नव्हता. नवशिक्यांचे बहुतेक प्रयोग याच टप्प्यावर बंद पडतात, म्हणून त्याचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

तिसरा जीव

मासे कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो माशांना विषारी असतो. खडीच्या पृष्ठभागावर वाढणारे नायट्रोसोमोनस जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच, त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती क्षीण होते. नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा हे दुसऱ्या गटातील जिवाणू त्याचे नायट्रेट बनवितात. हे नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही आणि भाजीला हवे असलेले नत्र तिला त्यातूनच मिळते. खडीचा वाफा हा या जिवाणूंचा निवास होय. तो वसण्यास उबदार हवेत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत त्याहून अधिक.

येथे आपल्याकडील पाण्याची एक बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दख्खनच्या पठारावरील पुष्कळशा विहिरींचे पाणी जड असून त्याचा सामू ८ च्या आसपास असतो. तापमान ३० अंश सेल्सिअस असता सामू ७ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो; सामू ८ झाला की तोच भाग सुमारे साडेसात टक्क्यांवर जातो. म्हणजे अमोनिया तितकाच असूनही त्याची बाधा जवळजवळ नऊपट होते. उन्हाळ्यात, विहिरीच्या पाण्यावर घाईने सुरू केलेला प्रयोग का फसतो, हे यावरून कळेल.

यासाठी पहिले काही आठवडे टाक्यात मासे नसावेत. ५०० लिटर पाण्यात रोज दोन-तीन ग्रॅम मत्स्यखाद्य टाकावे व पंप चालू ठेवावा. खाद्य कुजून अमोनिया तयार होतो व जिवाणूंना अन्न मिळते. मत्स्यपेट्यांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत पाणीतपासणीचा संच मिळतो; त्याने दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासून वहीत नोंदवावे. अमोनिया लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास खाद्य टाकणे थांबवावे. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो व नायट्राइट चढते, शेवटी तेही उतरून नायट्रेट दिसू लागते. पहिले दोन शून्याच्या जवळ आले आणि खाद्य टाकूनही तेथेच राहिले, म्हणजे मासे सोडण्याची वेळ झाली. शाळेत हा प्रयोग करावयाचा असल्यास ही नोंदवही विद्यार्थ्यांकडे सोपवावी. रसायनशास्त्राचा इतका जिवंत पाठ फळ्यावर क्वचितच देता येतो. चालू स्थितीतील दुसऱ्या वाफ्यातील ओंजळभर खडी मिळाल्यास कालावधी बराच कमी होतो. शेण अथवा गोमूत्र मात्र टाकू नये. भाजी कच्चीही खाल्ली जाते, आणि जनावरांच्या आतड्यातील रोगजंतू तिच्यावाटे पोटात जाऊ शकतात.

ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी टीसीएल पावडरीने शुद्ध केलेले असते. त्यातील क्लोरीन माशांना मारक व या जिवाणूंनाही मारक. असे पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मगच टाक्यात घालावे.

उभारणी

रचनेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ५०० लिटरचे टाके, त्यावर तितक्याच घनफळाचा व ३० सेंटीमीटर खोलीचा वाफा, तासाभरात टाक्याइतके पाणी वर चढविणारा लहान पंप, आणि निथळणीचा नळ एवढ्यावर काम भागते. पंपावर लिहिलेली क्षमता पाणी वर न चढविता मोजलेली असते, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. बाजारात मिळणारी जुनी निळी पिंपे पुष्कळदा रसायनांची असतात. पूर्वी त्यात काय होते याची खात्री नसेल तर ती स्वस्त असली तरी घेऊ नयेत. तांब्याचे व जस्ताचा मुलामा दिलेले नळही वर्ज्य. खडी काळ्या दगडाची, पाऊण इंची, धुऊन चुरी काढलेली असावी. तिच्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आल्यास तीत चुना आहे व ती पाण्याचा सामू चढाच ठेवील. अशा वाफ्यातील नुसत्या खडीचेच वजन ८०० किलोच्या घरात जाते. तेव्हा तो डगमगत्या लाकडी घोडीवर किंवा जुन्या घराच्या गच्चीवर ठेवण्याचे धाडस करू नये.

माशांपैकी सायप्रिनस हा काटक असल्याने नवशिक्यास योग्य. मासे खाण्याचा हेतू नसल्यास, विशेषतः शाळांत, गोल्डफिश चालतात. तिलापिया या पद्धतीला फार मानवतो, पण त्याच्या संवर्धनास शासनाची परवानगी लागते. थाई मांगूर वाढविण्यास देशात २००० सालापासून बंदी आहे. कोणी बीज आणून दिले तरी ते घेऊ नये. ५०० लिटरमध्ये पूर्ण वाढीच्या वेळी एकूण पाच किलोपेक्षा अधिक मासे नसावेत, म्हणजे वीस बोटुकल्या पुरेशा. पाच किलो मासे दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाद्य खातात व तेवढ्यावर दोन चौरस मीटर पालेभाजी पोसते. येथे खत म्हणजे हे खाद्यच. परंतु बोटुकल्या लहान असताना खाद्य थोडे व म्हणून खतही थोडे. त्या काळात निम्मा वाफाच लावावा. अर्ध्या तासात न संपलेले खाद्य जाळीने काढून टाकावे.

आरंभी पालक, पुदिना, कोथिंबीर, मेथी घ्यावी. टोमॅटो व वांगी पाणी मुरल्यावर, सहा महिन्यांनी. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसू लागल्यास लोहाची उणीव समजावी, कारण मत्स्यखाद्यात ते पुरेसे नसते. चिलेटेड स्वरूपातील लोह थोडे घालावे. मावा पडला तर हाताने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने काढावा. पानावर मारलेले कीटकनाशक त्याच दिवशी माशांच्या टाक्यात पोहोचते.

हा दुष्काळावरील उपाय आहे असा समज काही ठिकाणी पसरलेला दिसतो, तो मात्र बरोबर नाही. पाणी पुन्हापुन्हा फिरत असल्याने मातीतील वाफ्यापेक्षा ते कितीतरी कमी लागते हे खरे. पण जे उडून जाते व रोपे शोषतात ते भरावेच लागते, आणि मे महिन्यात ही भर रोजची असते. ज्या गावात त्या दिवसांत टँकर येतो तेथे याची आखणी पावसाळ्याअखेर करून उन्हाळ्यापूर्वी मासे काढून घेणे श्रेयस्कर. टाक्यावर सावली असावी. उन्हात पाणी हिरवे होते व तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो.

राहता राहिली वीज. पंप बंद पडला की माशांची घुसमट होण्यास काही तास पुरतात, आणि ती बहुधा पहाटे होते, जेव्हा पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप हाताशी असावा. तो नसल्यास टाक्यातीलच पाणी बादलीने उपसून हातभर उंचीवरून दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा त्यात ओतत राहावे, आणि वीज येईपर्यंत माशांना खाद्य मुळीच देऊ नये.