इंग्रजी पत्रातले टिंब : अवतरण चिन्हाच्या आत की बाहेर?

परदेशी गिऱ्हाइकाशी इंग्रजीत पत्रव्यवहार करताना आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव एका जागी हटकून अडतात. शब्दाला अवतरण चिन्हे दिली, आता पूर्णविराम किंवा स्वल्पविराम त्याच्या आत द्यावा की बाहेर? बाब किरकोळ वाटते. पण त्या शब्दात मालाचा मार्का असेल तर ती किरकोळ राहत नाही.

इंग्रजीत याच्या दोन रीती आहेत. ब्रिटिश रीत अर्थ पाहते. चिन्ह अवतरणातल्या मजकुराचे असेल तर आत, पूर्ण वाक्याचे असेल तर बाहेर. फाउलर बंधूंनी १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात याच रीतीची बाजू घेतली होती. अमेरिकन रीतीत मात्र पूर्णविराम व स्वल्पविराम सरसकट आत जातात.

समजा, पेट्यांवर ‘स्टार’ हा मार्का हवा आहे.

ब्रिटिश : प्लीज मार्क ऑल बॉक्सेस “स्टार”.
अमेरिकन : प्लीज मार्क ऑल बॉक्सेस “स्टार.”

दुसऱ्या वाक्यातले टिंब मार्क्याचे नव्हे, वाक्याचे आहे. पेंटरने पत्र पाहून ते टिंबही पेटीवर उतरवले, तर मार्का बदलला आणि गिऱ्हाइकाला तक्रारीस जागा मिळाली.

बाकीचे नियम दोन्ही रीतींत सारखेच आहेत :

१) अर्धविराम व अपूर्णविराम नेहमी बाहेर.

२) प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह अर्थाप्रमाणे. ‘ही आस्क्ड, “व्हेन विल यू शिप?”’ येथे प्रश्न गिऱ्हाइकाचा, म्हणून चिन्ह आत. ‘डिड यू राइट “पेड”?’ येथे प्रश्न आपला, म्हणून बाहेर.

३) आत प्रश्नचिन्ह आल्यावर वाक्याअखेर वेगळा पूर्णविराम देऊ नये.

मग आपण कोणती रीत धरावी? भारतात शाळेपासून बहुधा ब्रिटिश वळणाचे इंग्रजी शिकवतात, ते चालू ठेवण्यास हरकत नाही. अमेरिकन गिऱ्हाइकाला त्याच्या रीतीने लिहिले तरी चालेल. मात्र एका पत्रात दोन रीतींची सरमिसळ नको.

सर्वांत सुरक्षित उपाय असा : मार्का, मालाचे नाव व साईज वाक्यात न गुंफता स्वतंत्र ओळीवर, अवतरण चिन्हांशिवाय लिहावी आणि शेवटी टिंब देऊ नये. पेंटरच्या हाती तीच ओळ द्यावी, म्हणजे घोटाळ्याला वावच उरणार नाही.